थोड्या पैशांतला स्टिरिओ आणि रत्नागिरीची हवा

रत्नागिरीच्या खाडीकाठच्या गावांत काही घरांच्या शोकेसमध्ये अजूनही जुनी जपानी म्युझिक सिस्टीम दिसते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इथली पुष्कळ माणसं कुवेत, दुबई, बहरीनला नोकरीला गेली, कितीतरी जण बोटीवर लागले. सुट्टीवर येताना सामानात टू-इन-वन असायचाच, आणि ज्याची ऐपत अधिक त्याच्याबरोबर अकाय, सान्सुई नाहीतर टेक्निक्सचा सेट यायचा. मुंबईच्या चाकरमान्यांनी गणपतीला येताना आणलेले सेट ते वेगळेच. दोन बाजूंना दोन बॉक्स ठेवले की गायकाचा आवाज बरोबर मधोमध उभा राहतो, हे इथल्या अनेक घरांनी पहिल्यांदा ऐकलं ते अशा सेटवर. आज त्यातले बहुतेक सेट मुके आहेत, आणि गाणं फोनमधून नाहीतर टेबलावरच्या ब्लूटूथ डब्यातून येतं.

घरात पुन्हा नीट स्टिरिओ लावायचा तर फार पैसे लागतात, असा समज आहे. माझं मत वेगळं आहे. दहा-पंधरा हजारांत मन लावून ऐकण्याजोगा आवाज मिळतो. त्यासाठी पैसे वॉटवर न घालवता स्पीकरवर आणि स्पीकरच्या जागेवर घालायला हवेत. रत्नागिरीकराला आणखी एक हिशेब धरावा लागतो, जो पुण्या-नाशिकच्या माणसाला सहसा धरावा लागत नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि वारा खारा आहे. या हवेत काय टिकतं आणि काय सडतं, ते बघूनच वस्तू घ्यायची.

वॉटपासून सुरुवात करतो, कारण फसगत तिथेच होते. खोक्यावर ‘५००० वॉट’ छापलेलं असतं आणि शेजारी बारीक अक्षरांत ‘पीएमपीओ’. या पीएमपीओला कुठलंच सर्वमान्य मोजमाप नाही, त्यामुळे त्या आकड्याला अर्थही नाही. बघायचा तो आरएमएसचा आकडा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर सतत देऊ शकतो ती शक्ती. तो छापलेला नसेल तर सेट फिरवून मागची पट्टी वाचा, किंवा अडॅप्टर हातात घ्या. त्यावर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. २४ व्होल्ट आणि ३ अँपिअर यांचा गुणाकार ७२ वॉट होतो. आत जातं त्याहून जास्त बाहेर येऊ शकत नाही. अशा अडॅप्टरवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर सतत दोनशे वॉट देतो, असं कोणी सांगितलं तर ते दुकान सोडून पुढे जावं.

आता गरज किती ते बघू. मर्फी, बुश, फिलिप्सच्या व्हॉल्व्हवाल्या घरगुती रेडिओंची शक्ती जेमतेम तीन-चार वॉट असायची. तरी माजघरात लावलेल्या बातम्या पडवीत बसलेल्यांना स्वच्छ ऐकू यायच्या. त्याचं कारण स्पीकरच्या संवेदनशीलतेत आहे. स्पीकरला एक वॉट दिला की एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. आजच्या लहान बुकशेल्फ स्पीकरमध्ये तो साधारण ८४ ते ८८ असतो. त्या रेडिओंचे रुंद, हलके कागदी कोन थोड्या शक्तीत मोठा आवाज काढत. डेसिबलचं गणित एकदा समजून घेतलं की पैसे वाचतात. शक्ती दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला मात्र १० डेसिबल लागतात, म्हणजे शक्ती दहापट करावी लागते. तीसऐवजी साठ वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन पदरात पडतात ते ३ डेसिबल, थोडासा फरक. उलट ८४ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतला, तर त्याच अ‍ॅम्प्लिफायरची ताकद चौपट झाल्यासारखी होते.

साध्या खोलीत तीन मीटरवर बसलात आणि ८७ डेसिबलच्या दोन स्पीकरना एकेक वॉट दिला, तर कानापाशी ऐंशीच्या वर डेसिबल पोचतात. एवढ्या आवाजात शेजारच्याशी बोलायचं तर आपला आवाज चढवावा लागतो. म्हणजे रोजचं ऐकणं एका वॉटच्याही आत चालतं. मग वीस-तीस वॉट कशाला? तबल्याच्या थापेसाठी. गाण्याची सरासरी पातळी आणि थापेचा तो क्षण यांत १५ डेसिबलचं अंतर सहज पडतं, आणि १५ डेसिबल म्हणजे तीसपट शक्ती. सरासरीला पाव-अर्धा वॉट लागत असेल, तर थापेला दहा-पंधरा लागतात. त्या क्षणी अ‍ॅम्प्लिफायर अपुरा पडला की आवाज फाटतो. दहा बाय बाराच्या खोलीला चॅनेलमागे खरे वीस-तीस वॉट मिळाले की पुष्कळ झालं.

दुरुस्तीच्या दुकानांत ‘४४४०’ हा आकडा अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. सान्यो कंपनीची एलए ४४४० ही आयसी मुळात गाडीतल्या बारा व्होल्टच्या टेपसाठी बनलेली, चॅनेलमागे सहा वॉट देणारी. भारतभर तिच्यावर घरगुती अ‍ॅम्प्लिफायर जोडले गेले आणि लोकांनी त्यांवर समाधानाने गाणी ऐकली. आज तेवढ्याच पैशांत क्लास-डी जातीची आयसी मिळते. तिच्यातले ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहत नाहीत. सेकंदाला लाखो वेळा ते पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद होतात, त्यामुळे वीज उष्णतेत फारशी वाया जात नाही आणि अ‍ॅम्प्लिफायर वीतभर डब्यात मावतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ ही त्यातली प्रसिद्ध आयसी. स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहिरातीत तिचे ‘५० वॉट’ दिसतात, ते चार ओहमच्या स्पीकरला आणि १० टक्के विकृती चालवून घेऊन मोजलेले आहेत. आठ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात त्याच्या निम्म्याच्या आतबाहेर धरा. तेवढेही आपल्याला पुरतात. तीन-चार हजारांच्या अ‍ॅम्प्लिफायरवर थांबायला हरकत नाही, असं म्हणतो ते म्हणूनच. दोन चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक ओळखायला कान ताणावे लागतात. दोन स्पीकरमधला फरक शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळतो.

स्पीकर म्हणजे मूळची १९२५ सालची युक्ती. जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी चुंबकाच्या फटीत तारेची कॉइल लोंबती ठेवून तिला कागदी कोन जोडला. आजचे बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. अवघड काम आहे ते कोनाने स्वतःचं काही न मिसळता हलण्याचं. ते जमलंय की नाही हे ऐकायला आपल्याकडे उत्तम साधनं आहेत. दुकानदार लावतो ते धडधडणारं गाणं बाजूला ठेवून फोनवर नुसता तानपुरा लावा. काळी एक सूर धरला तर पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास आणि जोड १३९च्या आसपास असतो. पण तानपुऱ्याची जान या आकड्यांत नसून जवारीत असते. घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागावर तार घासत कंप पावते, तेव्हा वरच्या स्वरांची एक लडी उठते. सी. व्ही. रामन यांनी या घोडीवर १९२१ साली लिहिलं होतं. वाईट स्पीकरवर ही लडी एकतर दबकी होते नाहीतर पत्र्यासारखी कर्कश. चांगल्या स्पीकरवर षड्जाच्या पोटातला गंधार आपसूक ऐकू येतो.

त्यानंतर तबला. कुठल्याही ताणलेल्या कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत नसतात, म्हणून ताशा-नगाऱ्याचा आवाज निव्वळ ठोक्यासारखा ऐकू येतो. तबल्याच्या शाईचं वजन पुडीच्या मध्यभागी पडल्याने ते स्वर पटीत येऊन बसतात आणि तबला सुरात लागतो. हेही रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर १९२० सालीच दाखवून दिलं. तेव्हा ‘ना’ वाजला की त्यात सूर ऐकू आला पाहिजे, नुसता टक्क आवाज नको. डग्ग्याची घुमक वर चढते तेव्हा प्रत्येक पायरी सारख्या जोराने ऐकू आली पाहिजे. मधलाच एक स्वर फुगून बाहेर आला तर दोष एकतर बॉक्सचा नाहीतर खोलीचा.

शेवटी टाळ. वारीच्या रस्त्यावरचा असो की वाडीतल्या देवळातला, टाळाचा आवाज आपल्या कानांत मायक्रोफोनशिवाय पक्का बसलेला आहे. भजनाचं चांगलं रेकॉर्डिंग लावा. टाळाची किणकिण विरत जाताना ऐकू आली तर ट्वीटर बरा आहे. ती ‘छस्स’ अशी एकदम पसरली तर तो स्पीकर रात्री तासभर ऐकल्यावर डोकं उठवेल.

या परीक्षेत एक काळजी घ्या. दोन स्पीकरची तुलना करताना जो किंचित मोठ्याने वाजतो तोच कानाला बरा वाटतो, म्हणून आवाज सारखा करून घ्या आणि डोळे मिटून ऐका. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली हे प्रयोगाने दाखवलं: तेच श्रोते, तेच स्पीकर, पण पडद्याआड ऐकलेल्या आणि समोर बघून ऐकलेल्या स्पीकरना दिलेले गुण वेगळे. दिसणं, आकार, नाव यांचा प्रभाव मुरलेल्या कानांवरही पडला होता.

पाच इंची वूफरचा बुकशेल्फ स्पीकर साधारण ६० हर्ट्झपर्यंत पोचतो. नाट्यसंगीत, भावगीत, गझल, अभंग, जुनी हिंदी गाणी यांना ते पुरतं. ज्याला नव्या गाण्यांचा पोटात जाणवणारा बास हवा, त्याने पुढेमागे सबवूफर जोडावा. आधी नको.

आता खोली. या बाबतीत रत्नागिरीत दोन वेगळी जगं आहेत. जुन्या चिरेबंदी घरात वर कौलं असतात, कधी लाकडी माळा, भिंतींना गिलावा असतोच असं नाही. उघड्या जांभ्याच्या खडबडीत, सच्छिद्र तोंडावर उंच स्वर थोडे मुरतात, थोडे विखुरतात. कौलांच्या फटींतून बास बाहेर निघून जातो. आवाज किंचित पातळ, पण स्वच्छ येतो. अशा घरात स्पीकर भिंतीच्या जवळ, वीतभर अंतरावर ठेवा. भिंतीमुळे बासला हवा तेवढा आधार मिळतो. पत्र्याखाली मात्र जुलैत ऐकण्याचा नाद सोडावा. पावसाच्या माऱ्यापुढे कुठलाही वॉट कमी पडतो.

मारुती मंदिर किंवा कुवारबावकडच्या फ्लॅटमध्ये उलटं असतं. स्लॅब, गुळगुळीत गिलावा, चकचकीत लादी. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे ‘टर्रर’ असा आवाज उमटला, तर तोच प्रत्येक गाण्यातही मिसळणार. सतरंजी, जाड पडदा, पुस्तकांचं कपाट आणि समोरच्या भिंतीवर एक गोधडी एवढ्याने तो पुष्कळ खाली येतो. गोधडी उंच स्वर खाते, बास खात नाही. बासचा गोंधळ खोलीच्या लांबीतून येतो. बारा फुटी खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींत अडकून घुमतो. त्याला एकच उपाय, तोही फुकटचा: स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा, आपली खुर्ची मागच्या भिंतीला चिकटवू नका, आणि घुमणं कमी होईपर्यंत दोन्ही थोडं थोडं सरकवत राहा. एका संध्याकाळी एवढं केलं, तर दुप्पट किमतीचा स्पीकर घेऊनही येणार नाही एवढा फरक पडतो.

दोन स्पीकर आणि आपण यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण झाला पाहिजे, आणि ट्वीटर कानाच्या उंचीला. खुर्चीवर बसणाऱ्याचा कान जमिनीपासून साधारण तीन फुटांवर येतो. स्टँड विकत घ्यायला दोन-तीन हजार लागतात. इथे जांभ्याचे चिरे मिळतात. चिरा साधारण सव्वा फूट लांब असतो, खाणीप्रमाणे थोडं कमी-जास्त. दोन चिरे उभे एकावर एक ठेवून मधे सिमेंट भरलं, वरून चुन्याचा हात मारला आणि रबराचे चार तुकडे ठेवले, की त्या वजनापुढे स्पीकर जागचा हलत नाही. घरात लहान मूल असेल तर मात्र चिरा आडवा आणि रुंद रचा. अंगावर पडला तर जीवघेणा ठरेल.

शोकेसमधला आखाती सेट टाकून देऊ नका. त्याचा ट्रान्सफॉर्मर आणि बॉक्स अनेकदा अजून धडधाकट असतात. प्लग लावण्याआधी मागे व्होल्टेज सिलेक्टर शोधा. या सेटवर ११०, १२०, २२०, २४० असे पर्याय असत. पोरांनी खेळताना तो ११०वर फिरवलेला असला, तर आपल्या २३० व्होल्टवर लावताक्षणी सेट जळेल. मग पुढची जाळी काढा आणि वूफरच्या कडेची लवचीक रिंग बोटाने हळूच दाबा. त्या काळच्या पुष्कळ स्पीकरना फोमची रिंग असे. फोम दमट हवेत आपोआप विघटित होतो, आणि बोट लावताच नाचणीच्या शिळ्या भाकरीच्या कडेसारखा चुरा होऊन पडतो. रबराची किंवा कापडाची रिंग असली तर बहुधा शाबूत असते. फोम गेला म्हणून स्पीकर गेला असं नाही. नव्या रिंगा मिळतात, आणि स्पीकर दुरुस्त करणारा माणूस त्या बसवून देतो.

कॉइल तपासायला मल्टिमीटर पुरतो. आठ ओहमचा स्पीकर सहाच्या आसपास आणि चार ओहमचा तीन-साडेतीनच्या आसपास दाखवतो. काटा हललाच नाही तर कॉइल तुटली. मग दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या. सेलचं टोपीकडचं टोक वूफरच्या लाल खुणेला आणि दुसरं काळ्या खुणेला क्षणभर टेकवा. कोन ‘टप्’ करून बाहेर येतो. आत गेला तर आतल्या वायर उलट जोडलेल्या आहेत. दोन स्पीकरपैकी एकाचीच जोडणी उलट असली, तर बास नाहीसा होतो आणि गायकाचा आवाज मधे न उभा राहता डोक्याभोवती पसरतो. नव्या सेटमध्येही घाईत असं होतं, आणि लोक दोष स्पीकरला देतात. शेवटी दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सरळ आत दाबून बघा. खरखर लागली तर कॉइल घासते आहे, असा स्पीकर नको.

नवीन घेतानाही हीच नजर ठेवा: रिंग रबराची, बॉक्सला मागूनपुढून सगळीकडे फॉइल लावलेलं. स्वस्त बॉक्सच्या मागच्या बाजूला उघडं पार्टिकल बोर्ड राहिलेलं असतं. पहिल्या पावसाळ्यात ते पाणी पिऊन फुगतं. उघड्या कडांना वॉर्निशचा हात दिला तरी खूप फरक पडतो.

अ‍ॅम्प्लिफायर आतच बसवलेले स्पीकर सोयीचे, आणि दहा हजारांच्या आत त्यांत चांगले नगही मिळतात. तरीही रत्नागिरीत राहणाऱ्याला मी अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर वेगळे घ्यायला सांगेन. मृग लागताना आणि परतीच्या पावसात विजा चमकतात, वीज जाते-येते, आणि येताना व्होल्टेजचा धक्का घेऊन येते. अशात मरतं ते सर्किट. ते स्पीकरच्या पोटात असलं तर अख्खा स्पीकर दुरुस्तीला पाठवावा लागतो. वेगळं असलं तर तीन हजारांचा डबा बदलला की काम झालं, स्पीकर वीस वर्षं तेच राहतात. ढगांचा गडगडाट सुरू झाला की प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. घरी स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल, तर ट्रान्सफॉर्मरवाला जुना अ‍ॅम्प्लिफायर त्यावर गुरगुरतो. तेवढ्यापुरतं ऐकणं थांबवा.

पावसाळ्यात सेट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तिने नुकसानच होतं. आतली ओल आतच कोंडते आणि कोनावर बुरशी धरते. रोज अर्धा तास लावा. अ‍ॅम्प्लिफायरची थोडी ऊब आतली ओल घालवते, आणि कोन हलता राहिला की बुरशीला बसायला वेळ मिळत नाही. मांडवी, मिऱ्या, भाट्ये या बाजूला समुद्राचं वारं थेट येतं. तिथे स्पीकरच्या वायरची टोकं वर्षभरात हिरवी पडतात. ऑक्टोबरात बोटभर टोक कापून नवी तांब्याची तार सोला, बस्स. वायर म्हणजे घराच्या वायरिंगची दीड एमएमची तांब्याची लवचीक तार. पाच मीटर अंतराला जाऊन-येऊन तिचा रोध ०.१२ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. महागड्या ‘ऑडिओ केबल’ला इथे जागा नाही.

एक गोष्ट शहरातल्या पुस्तकांत सापडणार नाही. बॉक्सच्या मागे बाससाठी गोल भोक असतं. कुंभारीण माशीला ते घरासाठी फार आवडतं. ती आत मातीचं घर बांधते, आणि मग त्या बॉक्सचा बास कमी झाला म्हणून माणूस अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसतो. गावाला जाताना त्या भोकात स्वच्छ मोजा गुंडाळून ठेवा. घुमणाऱ्या खोलीत ऐकतानाही तोच मोजा अर्धवट बसवून बघा, बास आवरतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या हवेच्या फटींतून पाल आणि मुंग्या आत जातात. फटींवर बारीक जाळी लावा, फटी बंद करू नका.

गाणं कशावरून वाजवायचं याची चिंता फार करू नये. फोनची हेडफोनची पिन असेल तर ती, नसेल तर ब्लूटूथ. चांगल्या रेकॉर्डिंगला दोन्ही पुरतात.

पंधरा हजार हातात असतील तर मी ते असे लावीन: नऊ-दहा हजार स्पीकरना, तीन-साडेतीन अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याच्या अडॅप्टरला, पाचशे वायरला, आणि उरलेले सतरंजी, पडदा, चिरे यांना. सातच हजार असतील तर नवे स्पीकर बघायलाच जाऊ नये. जुन्या सेटचे रबरी किंवा कापडी रिंगवाले स्पीकर शोधावेत आणि नव्या क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायरला जोडावेत. असा जुना सेट शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये, ऐन ओलीत बघायला जावं. व्हॉल्यूमच्या बटणाची खरखर, बॉक्सचं फुगणं, कोनावरची बुरशी हे उन्हाळ्यात झाकून राहणारे दोष तेव्हा उघड्यावर असतात, आणि किंमतही त्याप्रमाणे बोलता येते.